हातचा

१

छातीचा एक्स-रे वाचायला जयमालाला चहा निवायच्या आत जमे. वाशीतल्या एका खासगी रुग्णालयाचा क्ष-किरण विभाग ती कितीतरी वर्षं सांभाळत होती. सकाळी आलं की पंखा लावायचा, भिंतीवरच्या व्ह्यू बॉक्सचा पांढरा दिवा लावायचा आणि फिल्मांची चवड पुढे ओढायची. तुर्भ्याच्या दगडखाणीतली माणसं, रबाळ्याच्या कारखान्यांतली, मार्केटात गोणी वाहणारी अशी सगळी बाहेर बाकावर खोकत बसलेली असत, आणि त्यांची फुप्फुसं आत तिच्यापुढे टांगलेली. चेहरा न बघता ती सांगे, हा विडी ओढतो, हिला लहानपणी टीबी होऊन गेलाय, हा दगड फोडतो.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर विभागात नवं यंत्र आलं. साध्या एक्स-रेत बरगड्या आड येतात. बरगडीमागे एखादी गाठ लपून बसली तर ती दिसत नाही. या नव्या पद्धतीत कॅसेटमध्ये, म्हणजे छातीपुढे धरायच्या चपट्या डबीत, एकामागे एक दोन प्लेटा असत आणि त्यांच्या मधे तांब्याचा पातळ पत्रा. किरण एकदाच सोडायचे. पहिल्या प्लेटवर सगळेच उमटत, पण तांबं ओलांडून दुसरीपर्यंत पोचत ते फक्त जोरकस. जोरकस आणि मवाळ किरणांना हाड वेगळं अडवतं, मांस वेगळं. मग कॉम्प्युटर एका चित्रातून दुसरं वजा करी आणि एकाच छातीच्या तीन फिल्मा बाहेर पडत. पहिली नेहमीची. दुसरीत हाडं पुसलेली, नुसतं मांस. तिसरीत मांस पुसलेलं, नुसती हाडं.

दुसरी फिल्म जयमालाला फार आवडायची. पिंजरा काढून घ्यावा आणि पाखरू तसंच हवेत बसलेलं राहावं, तसं त्यात हृदय दिसे.

यंत्र चालवायला हितेश होता. कोपरखैरणे गावातला पोरगा. बापाच्या भातखाचरांवर आता इमारतींचे सेक्टर उभे राहिले होते आणि हा पांढरा कोट घालून लोकांना "श्वास घ्या, धरा, सोडा" म्हणत होता. कामाला चोख आणि तोंडाचा फटकळ.

सगळं सुरळीत चाललं होतं.

२

कोंडिबाला त्याच्या बायकोनं आणलं. सांगोल्याकडची माणसं, दिघ्याला झोपडीत राहायची. तो खाणीत घण मारायचा. उंच, वाळका, बोलायला लाजणारा गडी. बोलायचं काम राहीबाईचं.

"डाक्टरीनबाई, ह्यांचा खोकला काय हटंना झालाय. रातीला बसूनच ऱ्हात्यात. मी पाठीवरनं हात फिरवती, तवा जरा डोळा लागतो."

कोंडिबा खाली बघून हसला. आत जाताना त्यानं पायातल्या चपला काढून दाराशी नीट जोडून ठेवल्या. तशी गरज नव्हती, पण राहीबाईनं खूण केली म्हणून काढल्या.

फिल्मा आल्या. पहिलीत खाणकामगाराच्या छातीत असते ती धूळ होती, वरच्या भागात बारीक ठिपके. तिसरीत बरगड्या स्वच्छ. जयमालानं मधली फिल्म बॉक्सवर लावली आणि चहाचा पेला उचलायला गेलेला तिचा हात तसाच राहिला.

हृदयाच्या मागे, मणक्याच्या डाव्या अंगाला एक हात होता.

हाताची हाडं नव्हती. हाडं तर वजाच झालेली. तळव्याचं मांस होतं, अंगठ्याखालचा फुगीर उंचवटा होता, बोटांची पेरं वेगवेगळी मोजता येत होती. बोटं सैल वाकलेली, झोपलेल्या माणसाची असतात तशी.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं तिसरी फिल्म पुन्हा घेतली, हाडांची. खरा हात मधे आला असता तर त्याची हाडं इथे दिसायला हवी होती. तिथे काही नव्हतं.

"हितेश, फोटो काढताना आत कुणी होतं? ती बाई?"

"नाय मॅडम. दरवाजा बंद होता. मी काय येडा हाय का?" तो जवळ आला, वाकून बघितलं आणि हसला. "हाडं वजा केली, मांस वजा केलं. वजाबाकीत हातचा राहिला वाटतं."

जयमालालाही हसू आलं. हसू आल्यानं बरं वाटलं. तिनं यंत्राच्या कंपनीत फोन लावला. तिकडचा इंजिनियर न ऐकताच म्हणाला, मॅडम, प्लेट नीट पुसली गेली नसेल, जुनं चित्र राहून जातं कधी कधी. हे पटण्यासारखं होतं. कुणाच्या तरी हाताचा एक्स-रे याच प्लेटवर निघाला असेल. आपल्याकडे हाताचे फोटो वेगळ्या कॅसेटवर काढतात हे तिला आठवलं, पण ते तिनं बाजूला सारलं.

हितेशनं दोन्ही प्लेटा कडक उजेडाखाली धरून पुन्हा पुसल्या. खात्रीसाठी आधी स्वतःच यंत्रापुढे उभा राहिला. त्याची छाती आरशासारखी लख्ख निघाली. मग कोंडिबाला परत आत घेतलं.

हात होता. जागा तीच. फक्त बोटं आता थोडी जास्त मिटली होती.

जयमालानं धुळीचं लिहिलं, औषधं लिहिली, खाणीतलं काम बंद करायला सांगितलं आणि पंधरवड्यानं पुन्हा बोलावलं. हाताबद्दल काही लिहिलं नाही. लिहायचं तरी काय?

निघताना राहीबाई म्हणाली, "काय घाबरन्यासारखं न्हाय ना?"

"नाही," जयमाला म्हणाली.

३

पंधरवडा व्हायच्या आतच कोंडिबा परत आला.

भर दुपार होती. डोंगरात सुरुंग उडाले, खिडक्यांची तावदानं नेहमीसारखी थरथरली. जयमालाचा नवरा प्रसाद तिला भेटायला आला होता. तो तुर्भ्याच्या एका औषध कंपनीत केमिस्ट होता आणि पहिली पाळी असली की घरी जाताना विभागात डोकावून जायचा. दोघं बोलत उभी असतानाच पोलिसांची जीप दाराशी थांबली आणि दोन शिपायांनी एका माणसाला फरफटत उतरवलं. वॉर्डबॉय जेवायला गेलेले. प्रसादचा स्वभावच असा की पडलेलं माणूस दिसलं की आधी धावायचं. त्यानं त्या माणसाच्या काखेत हात घालून उचललं, स्ट्रेचरवर घेतलं. त्याच्या शर्टाला रक्त लागलं.

तो माणूस कोंडिबा आहे हे जयमालाला त्याच्या उंचीवरून कळलं. चेहरा राहिलाच नव्हता. वस्तीतल्या लोकांनी बांबूंनी आणि दगडांनी त्याला तुडवला होता.

"बायकोला मारली ह्यानं," शिपाई म्हणाला. "घणानं. डोकं शोधायला लागलं मॅडम. माणूस आहे का कोण आहे!"

एक्स-रेच्या टेबलावर त्याला ठेवताना त्यानं प्रसादचं मनगट धरलं होतं. सोडेचना. त्याच्या फुटक्या ओठांतून काहीतरी आवाज आला, प्रसादनं कान खाली नेला. मग पकड सुटली.

फिल्मा काढल्या. डाव्या बाजूच्या बरगड्या काठ्यांसारख्या मोडून आत घुसल्या होत्या, फुप्फुसात रक्त साचलेलं. जयमालानं मधली फिल्म लावली.

हृदयामागे काही नव्हतं. लहान मुलाच्या छातीइतकं मोकळं.

ती टेबलाजवळ गेली. कोंडिबाचा एक डोळा उघडा होता.

"कोंडिबा, काय झालं होतं? भांडण झालं?"

"न्हाय." त्यानं तोंडातलं रक्त गिळलं. "भाकर वाढत हुती. म्हनली, अजून एक घ्या. मला राग न्हवता आला बाई. काय सुदीक आलं न्हवतं."

दिवेलागणीच्या आत तो गेला.

४

राहीबाईचं ते शेवटचं "घाबरन्यासारखं न्हाय ना" जयमालाच्या कानातून जाईना. पण कामाचा रेटा माणसाला फार वेळ रडू देत नाही. तिनं स्वतःला समजावलं. मारहाण करणारे नवरे दिघ्यात काय, वाशीत काय, सगळीकडे असतात. प्लेटवरचा डाग आणि एका खाणकामगाराच्या डोक्यात गेलेली सणक यांचा संबंध लावायचा, तर मग डॉक्टर तरी कशाला व्हायचं?

त्यानंतर कितीतरी छात्या त्या यंत्रापुढून गेल्या. एकातही काही दिसलं नाही. तिला सुटल्यासारखं झालं.

मग प्रसाद खोकायला लागला. थंडीत कारखान्यांचा धूर खाली बसतो, पहाटे खिडकी उघडली की सडक्या कोबीसारखा वास घरात शिरतो. त्या दिवसांत निम्मी नवी मुंबई खोकत असते. औषधानं कमी होईना तेव्हा जयमालाच त्याला म्हणाली, "उद्या ये. एक फोटो काढून टाकू."

तो आला. शर्ट काढून यंत्राला छाती लावून उभा राहिला आणि हितेशला म्हणाला, "पोट आत घेऊ का? फोटो चांगला यायला पाहिजे."

"आतलं दिसतं साहेब," हितेश म्हणाला. "वरचं कितीबी लपवा."

जयमाला फिल्म बाहेर पडायची वाट बघत यंत्राशी उभी होती. पहिली आली. ठीक होती. दुसरी आली, आणि ती हातात घेऊन बॉक्सवर न लावताच तिनं खिडकीच्या उजेडाकडे धरली.

मणक्याच्या डाव्या अंगाला. सैल, वाकलेली बोटं. अंगठा हृदयाच्या कडेला टेकलेला.

हितेशनं बघितलं. या खेपेला तो सरळ प्लेटा पुसायला गेला.

"काय गं?" प्रसाद शर्टाची बटणं लावत विचारत होता. "काही आहे का?"

"नाही," जयमाला म्हणाली. "साधा खोकला."

५

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, प्रसादनं आवाज चढवल्याचं तिला आठवत नव्हतं. सकाळचा चहा तो करी. मुलीच्या, सईच्या, दोन वेण्या तो घाली. जयमालापेक्षा त्याच्याच घट्ट बसतात असं सईचं म्हणणं होतं. बाल्कनीतल्या कबुतरांनी सगळी सोसायटी वैतागली होती, हा मात्र त्यांच्यासाठी मातीच्या परळात पाणी भरून ठेवी.

आता जयमाला त्याच्याकडे बघत राही. बघायचं नाही असं ठरवून बघत राही. माणूस चहा गाळतो, पेपर उलगडतो, मोजे शोधतो, यात बघण्यासारखं असतं तरी काय? पण एका संध्याकाळी तो भेंडी चिरत होता आणि ती त्याच्याशी बोलत होती. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की भेंडी केव्हाच संपली आहे. सुरी रिकाम्या फळीवर चालूच होती. टक्, टक्, टक्. लाकडात खाच पडली होती. त्याची नजर खिडकीबाहेर होती.

"प्रसाद?"

"काय?" तो वळला, हसला. "अरे, संपली पण?"

तिनं निमित्त काढून त्याला पुन्हा यंत्रापुढे उभं केलं. बोटं मिटत चालली होती. अंगठा वरून आला होता.

ती रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरांकडे गेली. त्यांनी फिल्म उजेडाला धरली, उलटी केली, सुलटी केली. "पल्मनरी व्हेसल्सची सावली आहे," ते म्हणाले, "रक्तवाहिन्या एकमेकींवर आल्या की काय वाट्टेल ते दिसतं. ढगात हत्ती दिसतो तसं. तुम्ही थोडे दिवस रजा घ्या." त्यांच्या आवाजात इतकी माया होती की जयमालाला त्यांचं खरं मानावंसं वाटलं.

त्याच दिवशी ती लवकर घरी आली. प्रसाद बाल्कनीत परळात पाणी ओतत होता. परळाशेजारी एक कबुतर पडलं होतं. मान पिळलेली. पिळल्यानंतरही कुणीतरी ते मुठीत धरून आवळत राहिलं असावं. त्याचं सगळं अंग लिंबाच्या सालीसारखं चेपलं होतं.

"हे काय?"

"मांजरानं मारलं असणार," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

चौथा मजला होता. आणि त्याच्या मनगटाला चिकटलेलं करडं पीस वाऱ्यानं हलत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सईला पनवेलला धाकट्या बहिणीकडे, निशिगंधाकडे, पाठवून दिलं. परीक्षा जवळ आलीय, मावशी अभ्यास घेईल, असं सांगितलं. मग घरातल्या सुऱ्या, कोयता, लोखंडी बत्ता, कात्र्या, सगळं एका पिशवीत घालून बाल्कनीतल्या कपाटात टाकलं आणि किल्ली कमरेला लावली. पाटा-वरवंटा तेवढा जागचा हलला नाही. तो ओट्याखाली तसाच राहिला.

६

"घरात सुरी कुठं आहे गं? कालपासून टोमॅटो हातानं फोडतोय मी."

जयमाला पलंगावर बसली होती. दुपार होती, खाली पोरं क्रिकेट खेळत होती. तिला एकदम हे सगळं एकटीनं वाहणं अशक्य झालं. आजार झालेल्या माणसापासून आजार लपवायचा नाही हे ती इतरांना शिकवत आली होती. ती उठली, पर्समधून फिल्म काढली आणि खिडकीच्या काचेवर धरली.

"हे कोण?"

"तू."

तो बराच वेळ बघत राहिला. "दोन कमी पडतात म्हणून देवानं तिसरा दिला वाटतं," तो म्हणाला. ती हसली नाही. मग तोही थांबला.

तिनं सगळं सांगितलं. कोंडिबाचं, मिटत जाणाऱ्या बोटांचं, घणाचं. सांगताना तिला स्वतःचेच शब्द खुळचट वाटत होते. तो टिंगल करील, रागावेल, निदान घाबरेल असं तिला वाटलं होतं. त्याला घाबरलेला बघायला तिला आवडलं असतं.

"माला, एक सांगू?" तो हळूच म्हणाला. "मी आडवा झालो ना, की आतून कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटतं. जड असतो. पण वाईट नाही वाटत. धीर येतो."

"कधीपासून?"

"त्या माणसाला उचललं त्या दिवसापासून असेल. मला वाटलं, मनावर परिणाम झालाय." तो आठवत होता. "तो मला काहीतरी म्हणाला होता तेव्हा. मला आधी वाटलं पाणी मागतोय. पण तो 'घ्या' म्हणत होता."

खाली कुणीतरी बाद झालं, पोरांनी गिल्ला केला.

"प्रसाद, आपण उद्या मुंबईला जाऊ. मोठ्या हॉस्पिटलात दाखवू. छाती उघडावी लागली तरी चालेल."

"जाऊ की," तो म्हणाला, आणि आडवा झाला. थोड्या वेळानं त्याला झोप लागली. चादरीवर पडलेला त्याचा डावा हात हळूहळू मिटला, गच्च झाला, इतका की नखांखालचं मांस पांढरं पडलं. मग हळूहळू उघडला. पुन्हा मिटला. त्याचा श्वास मात्र एका लयीत चालला होता.

७

उद्या रविवार होता, मोठे डॉक्टर भेटणार नव्हते. सोमवारी जायचं ठरलं.

रविवारी सकाळी प्रसाद मासळी घेऊन आला. मोरा बंदराची एक कोळीण सोसायटीच्या फाटकाशी बसायची, तिच्याकडून त्यानं जिताडा घेतला होता, लांबलचक, चांदीसारखा. तो त्यानं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ठेवला. "कापून आणायचा विसरलो," तो म्हणाला, "कपाटाची किल्ली दे."

"मी बघते नंतर. राहू दे."

तो बाहेरच्या खोलीत गेला. जयमालानं गॅसवर दुधाचं पातेलं ठेवलं. टीव्हीवर काहीतरी चाललं होतं, त्याचा आवाज येत होता. मग तो आवाज थांबला. बाल्कनीतून एकदा पत्रा वाकल्यासारखा करकरीत आवाज आला. तिनं कमरेची किल्ली चाचपली. किल्ली होती.

दूध तापायला लागलं. पातेलं नवीन होतं, आरशासारखं. त्याच्या फुगीर कडेत तिला स्वयंपाकघराचं दार दिसत होतं, वाकडं, लांबट. त्या दारात प्रसाद उभा होता.

उजव्या हातात कोयता. कपाटाचं दार त्यानं उचकटून काढलं असावं; बोटांतून रक्त ओघळत होतं, त्याचं त्याला काही नव्हतं. डावा हात बाजूला लोंबत होता, मिटलेला, अंगठा वरून आलेला.

"प्रसाद, सिंकमध्ये आहे मासा."

तो हलला नाही.

"प्रसाद, बोल काहीतरी."

तो तिच्या मानेकडे बघत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. वीज गेल्यावर माणूस मीटरच्या पेटीकडे बघतो, तसा तो बघत होता. मग त्यानं एक पाऊल आत टाकलं आणि कोयत्याचा हात वर गेला. ओट्याच्या वर फळी होती. फळीवर ठेवायलाही माणूस हात तेवढाच वर नेतो. हे तिला त्या क्षणीही सुचलं. पण तोवर ती खाली वाकली होती, आणि वरवंटा तिच्या हातात आला होता.

पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला. कोयता खणखणत फरशीवर पडला. दुसरा छातीवर. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला आणि तो भिंतीला टेकत खाली बसला. त्यानं तिचं नाव घेतलं. "माला," तो म्हणाला, "माला, मासा—" तिनं पुन्हा मारलं. छातीच्या डाव्या बाजूला, बरोबर त्या जागी. जिथे ते होतं तिथे. पुन्हा. दूध उतू जाऊन गॅसवर चरचरत होतं. त्याच्या तोंडातून रक्ताचा फेस आला आणि त्यानं चाचपडत तिचा घोटा धरला, बुडणारा माणूस धरतो तसा. तरी ती मारत होती. हात भरून आला तेव्हा ती थांबली. वरवंट्याला सदऱ्याचा चौकडीचा तुकडा चिकटला होता.

दारावर शेजारी धडका देत होते. कधीपासून देत होते कोण जाणे.

८

प्रसाद मेला नाही. बरगड्या चुरा झाल्या होत्या, फुप्फुस फाटलं होतं, पण हृदय शाबूत राहिलं होतं. शस्त्रक्रियेआधी छातीचा फोटो काढायला त्याला तिच्याच विभागात आणला. जयमाला दाराशी उभी होती. तिची साडी छातीपासून खाली वाळून कडक झाली होती. तिला कुणी आत जाऊ नको म्हणालं नाही.

हितेशनं फिल्मा लावल्या. तिसरी आधी लावली, हाडांची, आणि लगेच नजर वळवली. मग मधली.

"साफ हाय," तो म्हणाला. तो आणखी जवळ जाऊन वाकला. "मॅडम, इथं कायच नाय."

खरंच काही नव्हतं. फाटलेलं, रक्तानं भरलेलं, पण माणसाचंच होतं सगळं.

हितेश तिच्याकडे बघत होता. तिच्या चेहऱ्याकडे नाही, जरा खाली. "तुमचा पन एक काढू?"

"कशाला?"

"असंच."

"नको," जयमाला म्हणाली आणि व्ह्यू बॉक्सचा दिवा बंद केला.

शस्त्रक्रियेला न्यायच्या आधी पोलीस आले, तेव्हा प्रसाद शुद्धीवर आला होता. बाथरूममध्ये पाय घसरला, म्हणाला. हवालदारानं त्याच्याकडे बघितलं, मग तिच्या साडीकडे बघितलं. वर्षानुवर्षं मोडक्या बरगड्यांच्या बायका जयमालाला हेच वाक्य सांगत आल्या होत्या. ती कधी त्यांच्याशी वाद घालत नसे. हवालदारानंही घातला नाही. उद्या येतो, म्हणून तो गेला.

ती पलंगाशी वाकली. "प्रसाद, तू मारणार होतास का मला? खरं सांग."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला नाही माहीत गं." नाकातल्या नळीतून हवा गेली, आली. "पण आता हलकं वाटतंय. कसं सांगू... इतकं हलकं..." तो हसायचा प्रयत्न करत होता. तो हसतोय हे बघून तिला रडू यायला हवं होतं. तिनं वाट बघितली. रडू आलं नाही.

बाहेर व्हरांड्यात ऊन आलं होतं. निशिगंधा सईला घेऊन रिक्षातून उतरली. फोनवर तिला नीट काही सांगितलं नव्हतं. सई धावत आली, आईच्या साडीवरचे डाग बघून अर्ध्यात थबकली आणि मग तरीही येऊन बिलगली.

"बाबा कुठायत?"

"बरे आहेत," जयमाला म्हणाली आणि तिला जवळ घेतलं. पोरीच्या पाठीची हाडं हाताला लागत होती, बारीक, कबुतराच्या हाडांएवढी. निशिगंधा काहीतरी विचारत होती. जयमाला उत्तर देत होती. शस्त्रक्रियेबद्दल, रक्ताच्या बाटल्यांबद्दल, अगदी व्यवस्थित, शांतपणे.

"आई, दुखतंय."

"हो बाळा," ती म्हणाली, आणि निशिगंधाला पुढचं सांगू लागली.

"आई, सोड ना! आई!"

आपण तर केव्हाच सोडलंय असं तिला वाटलं. निशिगंधा किंचाळली. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. आतून हितेश धावत आला, गुडघ्यांवर बसला आणि सईच्या पाठीवरची गच्च मिटलेली बोटं एकेक करून उघडू लागला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, दात आवळलेले होते.

जयमाला वरून त्याच्याकडे बघत होती. हा कुणाची बोटं सोडवतोय, ते तिला कळेना.